सरकती झेंडूची माळ

जव्हारच्या बाजारात वेबसाइट बनवून देणारे एक गृहस्थ आहेत. साधं पान त्यांना उघडंबोडकं वाटतं. माझी पत्नी गेली, तेव्हा तिच्या श्रद्धांजलीच्या पानावर त्यांनी चौकटींना गोल कोपरे, अक्षरांमागे सावल्या आणि सरकती झेंडूची माळ घातली. मी हरकत घेतली.

"सर, स्थिर पान आजकाल कोण बघतं?"

दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना. तिची कुठली इच्छा राहिली, कळेना. मुलीने, मी, सगळ्यांनी शब्द दिले. शेवटी दहाव्याला आलेले ते वेबसाइटवाले गृहस्थ पुढे झाले आणि हात जोडून म्हणाले, "वहिनी, माळ थांबवतो."

कावळा हलला नाही.

"बरं, सावल्याही काढतो."

कावळा उतरला, शिवला. त्यांनी डोळे पुसले.

"गोल कोपरे मात्र वहिनींना आवडलेत, सर."

मी ते राहू दिले.