दहीवालीची जागा

अशी जवळ बस गं. आजीला विसरलीस ना? पौडला एसटी स्टँड झाला, जागांना भाव चढला आणि बाजाराच्या मैदानात पक्की दुकानं उठली. तिथं आधीपासून एक दहीवाली बसायची, नाव मी कधी विचारलं नाही. जमिनीवर पाणी शिंपडून, हात जोडून मगच ती मडकं उतरवायची. तिच्या जागेवर दुकानाची पायरी आली, तर तिनं पायरीवरच पाणी शिंपडलं. दुकानदार खेकसला, “ऊठ म्हातारे, दुकान माझं हाय.”

“दुकान तुझंच हाय, बाबा. जागा माझ्या सासूची हाय.”

पुढच्या बाजारी त्या मेल्यानं पायरीवर जळकं तेल ओतून ठेवलं. ती उभ्यानं दही विकून गेली, पुन्हा दिसली नाही. माझा संताप अजून उतरलेला नाही. आता पुन्हा लवकर ये, बाजाराच्या दिवशी ये. आपण दोघी त्याच पायरीवर बसू.