साबुदाणावाली डॉक्टर

बदलापुरात आमच्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर माझा दवाखाना आहे आणि तिसऱ्या मजल्यावर आमचं घर. बाबांना जरा कणकण वाटली, की ते जिना उतरतात, माझ्या पाटीसमोरून मान वर न करता जातात आणि उल्हासनगरच्या डॉक्टरकडे सुई टोचून घ्यायला निघतात. बाकावर बसलेले माझे पेशंट हे बघतात. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, पण माझं तर माझ्याच जिन्याखाली विकलं जात नव्हतं.

बाबा अंबरनाथच्या एका कंपनीत फिटर होते. मुलगी डॉक्टर होणार म्हणून त्यांनी खात्याला पेढ्यांचं आधीच कबूल केलं होतं. मार्क कमी पडले, मी होमिओपॅथीला गेले आणि पेढे राहून गेले. माझ्या गोळ्यांना ते साबुदाणा म्हणतात. पाहुण्यांसमोर माझी ओळख करून देताना नुसतंच ‘दवाखाना चालवते’ म्हणतात, जसं एखादी पोळीभाजी केंद्र चालवते.

सकाळी मी कॉलेजात शिकवते. तिथली बहुतेक मुलं एमबीबीएसच्या दारावरून परत आलेली असतात आणि ते चेहऱ्यावर दिसतं. मी त्यांना जुनी पद्धत शिकवते. एका वेळी एकच औषध, तेही माणसाला तासभर नीट विचारून, आणि दिल्यावर गप्प बसून वाट बघायची. गप्प बसणं यांना जमत नाही. मी माणसाची तहान कशी ओळखायची ते सांगत असते आणि मागच्या बाकावरून विचारतात, “मॅडम, सलाइन लावायला कधी शिकवणार?” औषधांची लक्षणं पाठ झाली, की तर विचारूच नका. कँटीनचा मालक अमुक औषधाचा, प्राचार्य तमुक औषधाचे, अशी लेबलं लावत फिरतात. एकाने लग्नाची मुलगी बघायला गेल्यावर तिला पंखा सोसतो का विचारलं. तिने नकार दिला. शहाणी होती.

पण माझा खरा तिरस्कार मी बाबांच्या त्या डॉक्टरसाठी राखून ठेवला आहे. तो माझ्याच वर्गातला. चार वर्षं माझ्या शेजारी बसला आणि चारही वर्षं माझं बघून लिहिलं. पास झाल्यावर त्याने उल्हासनगरात गाळा घेतला, पाटीवर ‘डॉक्टर’ हातभर आणि डिग्री मुंगीएवढी लिहिली. एका साध्या गोळीची परीक्षा त्याला धड देता आली नाही, तो आता येईल त्याला सुई टोचतो. दोन मिनिटांत माणूस बाहेर. बाबांच्या मते तोच खरा डॉक्टर, कारण त्याच्याकडे दुखतं. मी एकदा सांगितलं, की तो आमच्याच कॉलेजचा आहे. बाबा म्हणाले, जळकेपणा बरा नव्हे.

मागच्या महिन्यात हा खरा डॉक्टर माझ्या बाकावर येऊन बसला. अंगावर पित्ताच्या गांधी उठल्या होत्या, मान खाजवून लाल झालेली. मी विचारलं, की एवढ्या सुया आहेत तर एक स्वतःला का नाही टोचली? खाली बघून म्हणाला, “लोकांचं वेगळं असतं गं. स्वतःला कोण टोचून घेईल?” मला त्याच्या तोंडावर हसावंसं वाटलं आणि मी हसले. मग आत घेतलं आणि नियमाप्रमाणे सगळं विचारलं. झोप, तहान, स्वप्नं, कशाची भीती वाटते. भीती विचारल्यावर तो बराच वेळ बोलला. ते मी इथे लिहिणार नाही, एवढी लाज मला आहे.

दार उघडलं तर बाकावर बाबा. उल्हासनगरला जाऊन, बंद दार बघून परत आले होते आणि दम खायला टेकले होते. त्याला बघताच उभे राहून हात जोडले. म्हणाले, साहेब, तुम्ही इथे कसे, माझ्यासाठी आलात का? त्याच्या हातात माझी छोटी बाटली होती. लपवायला खिसा शोधत होता. मी म्हटलं, सांग त्यांना.

“काका, आम्ही एका बाकावर होतो,” तो म्हणाला. “ही पहिली यायची.”

तो गेला. बाबांचे जोडलेले हात अजून तसेच होते. मी इतकी वर्षं या क्षणाची वाट बघत होते. चांगली खरमरीत दोन वाक्यं तयार ठेवली होती. बाबा आत आले आणि पेशंटच्या खुर्चीत बसले. त्या खुर्चीत ते पहिल्यांदाच बसत होते, आणि तिच्यात ते फारच लहान दिसले. ती वाक्यं बाजूला ठेवून मी समोर बसले.

“एवढा वेळ त्याला काय विचारत होतीस?”

मी म्हटलं, पहिलं तर झोप कशी लागते ते विचारते.

त्यांनी टेबलावरच्या बाटल्यांकडे नेहमीसारखं नाक मुरडून बघितलं. मग म्हणाले, “मला नाही लागत. कंपनी बंद झाली तेव्हापासून. मशीनचा आवाज नसला की जाग येते. पहाटे उठून डबा शोधतो. तुझी आई म्हणते, झोपा, डबा कुणाला द्यायचाय.”

आमचं घर या खोलीच्या डोक्यावर आहे. तरी त्यांची झोप गेली आहे हे मला ठाऊक नव्हतं. माझा हात सवयीने बाटलीकडे गेला.

“तो साबुदाणा ठेव तिकडे,” बाबा म्हणाले. “पुढचं विचार.”