बेंगळुरातला एक तारांकित प्रश्न

हा प्रवास चैत्रात झाला आणि मी तो श्रावणात लिहितो आहे. संपादकांनी तीनदा आठवण करून दिली, तिन्ही वेळा मी पाठदुखीचं कारण सांगितलं. पाठ दुखते हे खरं आहे, पण ती गेली दहा वर्षं दुखतेच आहे आणि त्या दहा वर्षांत माझा मजकूर कधी उशिरा गेलेला नाही.

बेळगावचा माणूस बेंगळूरला निघाला की त्याचं कारण तीनपैकी एक असतं: बदली, लग्न नाहीतर खटला. आम्ही दोघं मात्र प्रश्न ऐकायला निघालो होतो. मी आणि दत्तोपंत मास्तर. मास्तर खानापूरच्या पलीकडच्या एका रानातल्या गावात शाळा चालवतात. पाठशाळेत आम्ही एका चटईवर बसून संस्कृतची रूपं घोकली, तेव्हापासूनची ओळख. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. गावाशेजारी नदी आहे, तिच्यावर पूल नाही, आणि आषाढ-श्रावणात ती भरली की गाव आणि तालुक्याचं इस्पितळ यांच्यातला संबंध फक्त नकाशावर उरतो.

म्हणून सरकारनं गावातच बाळंतपणाचा दवाखाना मंजूर केला. मास्तरांनी आपल्या शेतातला तुकडा दिला. तीन वर्षांपूर्वी इमारत उभी राहिली, पांढरी, कौलारू, चांगली आहे. ठेकेदारानं किल्ली मास्तरांकडे दिली, "नर्सबाई आल्या की द्या" म्हणाला आणि गेला. नर्सबाई आल्या नाहीत. मास्तर दर शनिवारी शाळा सुटल्यावर दवाखाना झाडून काढतात आणि पुन्हा कुलूप लावतात.

त्यांची मुलगी कमल. दोन वर्षांपूर्वी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली तेव्हा नदी भरलेली होती. नावाडी म्हणाला, उद्या बघू. मूल वाचलं नाही. कमल कशीबशी वाचली. आता तिला पुन्हा दिवस गेले होते आणि दिवस भरत होते ते नेमके आषाढात. सासर याहूनही आत, रानात, त्यामुळे माहेराशिवाय जागा नाही. एवढ्यासाठी मास्तरांनी आमदारांना गाठलं आणि आमदारांनी प्रश्न दिला. तारांकित. ज्या प्रश्नावर तारा असतो त्याचं उत्तर मंत्र्यांना सभागृहात उभं राहून तोंडी द्यावं लागतं, आणि त्यावर लगेच उपप्रश्न विचारता येतात. बिनताऱ्याच्या प्रश्नाला नुसता कागद मिळतो.

"पावसाआधी नर्स आली पाहिजे," मास्तर गाडीत म्हणाले. पुढे अरसीकेरेला गाडी थांबली. तिथं शहाळी स्वस्त आणि गोड मिळतात. जाणाऱ्यांनी जरूर घ्यावीत. हुबळीला दहीभात घेऊन ठेवला तर दुपारपर्यंत काळजी नाही.

बेंगळूरला उतरून आम्ही टांग्यानं चिकपेटेत रखमाअक्कांकडे गेलो. अक्का आमच्या दूरच्या नात्यातल्या. त्यांचं घराणं तीनशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर आलं ते परत जायचं विसरलं. घोडे गेले, तलवारी गेल्या, आता घरात शिवणयंत्रं आहेत. मराठी आहे, पण तिच्या पोटात कन्नड भरपूर.

"बा अण्णा, बस. स्वल्प कापी घे," अक्का म्हणाल्या. स्वल्प हा शब्द आम्ही संस्कृतात थोडं या अर्थी शिकलो. अक्कांकडे स्वल्प म्हणजे काठोकाठ भरलेला पेला.

"विधानसौधात काय काम काढलं?"

"मंत्र्यांना प्रश्न विचारायचा आहे."

"मंत्र्याला? मग आमच्या नळाचं पण विचार. पहाटे कधी येतो नि जातो, चोर बरा."

मग त्यांनी मास्तरांकडून सगळी हकीकत काढून घेतली. बायका ती पाच मिनिटांत काढतात, आम्हां वार्ताहरांना चार भेटी लागतात. ऐकून झाल्यावर त्यांनी माझ्याकडे बोट केलं.

"हा अण्णा बेळगावात राहतो. इस्पितळ घराच्या जवळ. पोरीला पावसाआधी याच्याकडे आणून ठेव. मंत्री कशाला पाहिजे त्याला? सरी? बरोबर ना?"

मास्तर पेला खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिले. आमचं घर दोन खोल्यांचं, त्यातल्या एकीत सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. मी म्हणालो, "आधी उद्या प्रश्नाचं काय होतं ते तर बघू."

"बघू," मास्तर म्हणाले.

त्या संध्याकाळी आमदारांच्या निवासात गेलो. आमदार पहिल्यांदाच निवडून आलेले, सज्जन गृहस्थ, शेतकरी, कन्नड-मराठी दोन्ही सारख्याच प्रेमानं बोलणारे. छापील प्रश्नाचे तीन भाग होते. दवाखान्याची इमारत बांधली आहे हे खरं काय? असल्यास दवाखाना चालू झाला आहे काय? नसल्यास कधी होणार? मी त्यांना उपप्रश्न कागदावर लिहून दिले. नर्सचं नाव काय? ती कुठल्या तारखेला हजर झाली?

आमदारांनी कागद वाचला, घडी घातली, खिशात ठेवला.

"बरोबर आहे. पण एकदम असं कसं विचारायचं? मोठा माणूस आहे. मनाला लागेल त्यांच्या."

"लागू दे की," मी म्हणालो.

"तुम्ही शहरातले," ते हसून म्हणाले. मास्तरही हसले.

इथं खानापूरच्या रानाबाहेरच्या वाचकांसाठी थोडा खुलासा. तिकडे कुणी कामाचं एकदम विचारत नाही. शेजाऱ्याचा बैल मागायला आलेला माणूस आधी पावसाचं विचारतो, मग म्हशीचं, मग घरच्यांच्या तब्येतीचं. पान खातो. उठतो. दारात वहाणा घालता घालता म्हणतो, "बैल मोकळा आहे का उद्या?" याच्या आधी बैलाचं नाव काढणारा माणूस उद्धट. मला हे ठाऊक होतं, आणि तरी मी त्या रात्री स्वस्थ झोपलो.

सकाळी कब्बन पार्कातून चालत गेलो. सावली इतकी गार की माणसाला आपलं काम विसरायला होतं. विधानसौध त्याच्या पलीकडेच. सौध म्हणजे चुन्यानं धवळलेला वाडा असं आम्ही शिकलो होतो, इथं चुन्याचा थेंब नाही, सगळा दगड. पण इतका दगड रचणाऱ्याला व्युत्पत्ती सांगायला कोण जाणार? दर्शनी भागावर कोरलं आहे की सरकारचं काम हे देवाचं काम. मास्तरांनी ते दोनदा वाचलं. मी म्हणालो, "म्हणूनच एवढा काळ लागतो. देवाचा एक दिवस म्हणजे आपलं वर्ष." मास्तरांना हसू आलं नाही.

जाणाऱ्यांसाठी: प्रेक्षागॅलरीचा पास आमदारांच्या सहीनं आदल्या दिवशीच काढून ठेवावा. पिशवी, छत्री, काठी आत नेता येत नाही. दारावर ठेवून बिल्ला घ्यायचा. द्वारपालानं मास्तरांचे खिसे चाचपले आणि एक वीतभर लांब लोखंडी किल्ली बाहेर काढली.

"इदेनु?" हे काय, असं त्यानं विचारलं.

"दवाखान्याची किल्ली," मास्तर कन्नडमध्ये म्हणाले. "आमदारांना लागली तर दाखवायला आणली."

"आत नाही न्यायची." किल्ली छत्र्यांच्या शेजारी टेबलावर पडली आणि मास्तरांच्या हातात पितळी बिल्ला आला.

गॅलरीत बसायचं म्हणजे बसायचंच. बोलायचं नाही, हसायचं नाही, मान डोलवायची नाही, पुढे वाकायचं नाही. खाली सभापतींनी सुरुवातीलाच सांगितलं की आज यादी मोठी आहे, प्रत्येक प्रश्नावर दोनच उपप्रश्न मिळतील. मी मास्तरांकडे पाहिलं. दोन पुरे होते. आम्हांला दोनच हवे होते.

आमचा क्रमांक पुकारला गेला. आमदार उठले. मंत्र्यांनी कागद उचलला आणि वाचला: "अ, होय. ब, होय. क, प्रश्न उद्भवत नाही."

एवढंच. सांख्यांचं एक मत आहे की कार्य हे कारणात आधीपासूनच असतं, मडकं मातीतच असतं. त्या न्यायानं इमारत आहे तिथं दवाखाना आहेच, आणि दवाखाना आहे तिथं नर्सही सूक्ष्मरूपानं असणारच. खात्यात इतका गाढ तत्त्ववेत्ता कोण आहे याचा मी विचार करत होतो, तोवर आमदार पुन्हा उभे राहिले.

"इमारत मजबूत बांधली आहे, त्याबद्दल माझ्या भागातर्फे मी आभार मानतो. मंत्रिमहोदयांनी त्यात जातीनं लक्ष घातलं, हे खरं आहे काय?"

मंत्र्यांनी मान वर केली. असा प्रश्न त्यांना बऱ्याच दिवसांत आला नसावा. "खरं आहे," ते म्हणाले. बाकं वाजली.

आमदारांचा चेहरा फुलला. "मग मंत्रिमहोदय एकदा आमच्याकडे पायधूळ झाडतील काय?"

"सवड मिळाली की अवश्य."

पुन्हा बाकं वाजली. आता आमदारांनी खिशातून कागद काढला, चष्मा डोळ्यांवर चढवला. वहाणा घालायची वेळ झाली होती. "तर माझं विचारणं असं होतं, की—"

"दोन झाले," सभापती म्हणाले. "पुढचा प्रश्न."

मास्तर उभे राहिले होते. त्यांचं त्यांनाही कळलं नसावं. एका मुठीत पितळी बिल्ला होता. मागून एक हात खांद्यावर आला. "कूतकोळ्ळी, स्वामी," द्वारपाल हळूच म्हणाला, आणि मास्तर बसले. खाली कुठल्यातरी तलावाच्या बंधाऱ्यावर प्रश्न सुरू झाला होता.

दारावर बिल्ला देऊन त्यांनी किल्ली परत घेतली.

आमदार बाहेर भेटले ते आनंदातच. "बघितलंत ना? बाकं वाजवली! आजवर माझ्यासाठी कुणी वाजवली नव्हती. मंत्री येणार म्हणालेत."

"छान झालं," मास्तर म्हणाले.

"नर्सचं राहिलं," मी म्हणालो.

"अहो, त्याच्यावरच येत होतो. पुन्हा देऊ की प्रश्न."

म्हणून आम्ही प्रश्न शाखेत गेलो. तिथले कारकून हुक्केरीकडचे, चांगलं मराठी बोलणारे. त्यांनी आम्हांला बसायला दिलं, पंखा आमच्याकडे वळवला आणि मग सांगितलं की उत्तर झालेला प्रश्न या अधिवेशनात पुन्हा घेता येत नाही. पुढचं अधिवेशन पावसानंतर.

"पण दवाखाना चालू नाही," मास्तर म्हणाले. त्यांनी किल्ली टेबलावर ठेवली. "ही बघा."

कारकुनांनी ती हातात घेतली, वजन पाहिल्यासारखी, आणि परत दिली.

"मास्तर, रागावू नका. काल दवाखाना नुसता विसरलेला होता. विसरलेल्याची आठवण करून देता येते. आज तो सभागृहात चालू झाला. आता नर्स मागाल तर खातं म्हणेल, तिथं आहे की. मंत्र्यांचं उत्तर खोटं ठरवणारा कागद खालून वर कोण पाठवेल?"

आम्ही प्रश्न विचारला नसता तर बरं झालं असतं, असं ते म्हणाले नाहीत. मास्तरांना तेवढं समजलं.

परतीच्या गाडीत मी ठरवलं होतं की कमलचं बोलायचं. तिला वैशाखातच आमच्याकडे आणा, सासूबाईंची खाट स्वयंपाकघरात हलवतो, एवढं साधं वाक्य. तुमकूरला मी म्हणालो, "यंदा पाऊस लवकर येणार म्हणतात." मास्तर म्हणाले, "आंब्याचा मोहोर तसाच सांगतो." हुबळीला म्हणालो, "बेळगावची हवा बाळंतिणीला मानवते." ते म्हणाले, "हवा चांगलीच आहे तिथली. सासूबाई कशा आहेत?" मी म्हणालो, "आहेत तशाच." आणि त्या उत्तरात त्यांनी जे ऐकायचं ते ऐकलं. खानापूरला गाडी थांबली तेव्हा ते घाईत उतरून गेले.

ज्येष्ठात त्यांनी तालुक्याला अर्ज केला: पावसाळ्यापुरती तरी नर्स द्यावी. आठ दिवसांत उत्तर आलं. सरकारनं इतक्या तत्परतेनं उत्तर दिल्याचं माझ्या आठवणीत दुसरं उदाहरण नाही. सदर दवाखाना चालू असल्याचे सभागृहास कळवण्यात आले असून ग्रामस्थांनी त्याचा लाभ घ्यावा. मास्तरांनी मला त्याची नक्कल पाठवली, खाली स्वतःचं एक अक्षर नाही. मी ती वाचली, चुकचुकलो आणि फायलीत लावली. वाटलं, पाठ जरा बरी झाली की स्वतःच जाऊन येऊ.

आषाढ संपता संपता कार्ड आलं. अक्षर नेहमीसारखं वळणदार.

"सा. न. वि. वि. इकडे पाऊस बरा आहे. लावणी उरकली. आमची म्हैस व्यायली, दूध भरपूर आहे. आपल्या सासूबाईंची प्रकृती कशी आहे? वहिनींच्या गुडघ्याला उतार पडला असेल. नदी नऊ दिवस भरून होती. त्यात कमल गेली. मूलही गेलं. मुलांस आशीर्वाद."

बेंगळूर पाहायला जाणाऱ्यांनी चैत्रातच जावं, हवा उत्तम असते. गॅलरीतून सभागृह फार सुंदर दिसतं. मला मात्र तिथून जे घेऊन यायचं होतं ते बेळगावातच होतं, दोन खोल्यांत.

कार्डाचं उत्तर द्यायला बसलो तर पहिल्या ओळीत लिहिलं, "इकडेही पाऊस चांगला आहे." ते फाडलं. दुसऱ्यात सासूबाईंची तब्येत आली. तेही फाडलं. तिसऱ्यावर एवढंच लिहिलं: "कमलला आमच्याकडे आणा, हे मी अक्कांच्या घरी तुम्ही माझ्याकडे पाहिलंत तेव्हाच म्हणायला हवं होतं." आणि पत्ता घालून, पुन्हा न वाचता, पेटीत टाकून आलो.