मागाखालचा आरसा

“दिवा आहे हा, आई! दिवा! कमरेचा पट्टा नाही!”

यूनने ते विणकाम दोन्ही हातांनी खिडकीपुढे ताणून धरलं होतं. बाहेर लख्ख ऊन होतं, पण कापडातून एकही किरण येत नव्हता. त्यावर विणलेली लव्हाळी तेवढी सुरेख दिसत होती, हिरवी, करडी, शेंड्याला थोडी पिवळी.

“हळू बोल, खेकडे बिचकतील,” माझा नवरा आबाओ उंबऱ्यावरून म्हणाला. तळ्यातले खेकडे तो गवताच्या दोरीने बांधत बसला होता. कुणी हसलं नाही.

“काका, तुम्ही मध्ये पडू नका.”

“मी खेकड्यांशी बोलत होतो.”

माझ्या थोरल्या जाऊबाई, जिनदी, मागासमोरच्या स्टुलावर बसून होत्या. सकाळीच त्यांनी स्वतःच्या हाताने ते कापड मागावरून उतरवलं होतं. ॲप्रनला चिकटलेले रेशमाचे तुकडे त्या एकेक करून वेचत होत्या आणि मुठीत ठेवत होत्या. लेक आपल्याशी भांडते आहे हे त्यांना ऐकू येत होतं की नाही, सांगता येईना.

आमच्याकडचं केसी नावाचं रेशमी विणकाम असं, की उभा धागा वरपासून खालपर्यंत सलग असतो आणि आडवा मात्र रंगापुरताच. हिरव्याचा धोटा हिरव्याच्या हद्दीपर्यंत जातो आणि परत फिरतो, करड्याचा करड्याच्या. दोन रंग सरळ शेजारी शेजारी उभे राहिले की त्यांच्यामध्ये फट उरते. यूनला नेमकी तीच फट हवी होती. कापडाच्या आत दिवा लावला की प्रत्येक लव्हाळ्याच्या कडेने उजेडाची बारीक रेघ उमटेल, असं तिने कागदावर काढलं होतं. शांघायच्या ज्या ऑफिसात ती नोकरी करते, तिथल्या साहेबांना ते आवडलं. वीस तारखेला प्रदर्शन होतं. दिवा तिथे लागला तर यून नोकरी सोडून गावी येणार होती, आईच्या मागावर आपलं स्वतःचं काम सुरू करणार होती; चित्रं तिची, विणणार आई. दोन वर्षं ती हेच बोलत होती.

आणि जाऊबाईंनी एकूण एक फट बंद केली होती. दर चार धाग्यांनी आडवा धागा शेजारच्या उभ्या धाग्यात अडकवत गेल्या होत्या, तळापासून शेंड्यापर्यंत.

हे मला बघताक्षणी कळलं, कारण मीही ते सहा वर्षं केलं आहे. आमच्या तरुणपणी या गावात घरटी एक माग होता आणि सगळ्यांवर जपानी बायकांच्या किमोनोचे पट्टे विणले जायचे. पट्टा कमरेला करकचून बांधतात. फट राहिली तर तिथेच फाटतो. कारखान्याचा तपासनीस करंगळीचं नख वाढवून यायचा. नख कुठे आत गेलं की अख्खा पट्टा परत. मी रडत घरी यायचे. जाऊबाईंचा पट्टा एकदाही परत आला नाही. पुढे जपानची मागणी आटली, माझे डोळेही अधू झाले. मी मोज्यांच्या कारखान्यात गेले, बाकीच्यांनी माग फोडून चुलीत घातले. जाऊबाईंनी तेवढा ठेवला आणि मिळतील तेवढे पट्टे विणत राहिल्या.

“पण आरशात तरी दिसलं असेल ना तुला?” यून म्हणाली. कापडाची उजवी बाजू विणताना खाली असते, वर नुसती धाग्यांची टोकं. म्हणून मागाखाली हातभर आरसा ठेवतात; विणकरीण घडोघडी वाकून त्यात बघते. “रोज बघतेस. लहानपणी मी हाक मारली तरी आधी आरशात बघायचीस.”

यून गुडघ्यांवर बसली, मागाखाली वाकली आणि तशीच राहिली.

“काकू,” ती आतूनच म्हणाली. “इकडे ये.”

मी वाकून पाहिलं. आरशाला पांढरं फडकं बांधलेलं होतं. मागे दोन गाठी. त्यावर रेशमाची धूळ आणि तुकडे इतके साचले होते की फडक्याचा रंगही कळेना.

घरात माणूस गेलं की आरसे झाकायचे. उन्हाळ्याच्या तोंडाला यूनचे बाबा, शुइगेन भाऊजी, गेले तेव्हा मीच झाकले होते, आणि सातव्या आठवड्याचे विधी झाल्यावर मीच सोडले. कपाटाचा, हात धुवायच्या जागेवरचा, आबाओच्या स्कूटरचेसुद्धा दोन्ही. हा मी झाकला नव्हता, त्यामुळे सोडायचंही मला सुचलं नाही.

“तू बांधलंस?” यूनने आईला विचारलं.

“हं.”

“मग सोडलं का नाहीस?”

“राहिलं.”

“सहा महिने राहिलं?”

“खाली बघावंसं वाटलं नाही,” जाऊबाई म्हणाल्या. “हात चालत होते.”

यून उठली. तिच्या गुडघ्यांना धूळ लागली होती. “बाबांना नेलं त्याच्या दुसऱ्या दिवशी तू मागावर बसलीस. गाव काय म्हणालं माहीत आहे? मी भांडले सगळ्यांशी. म्हटलं, ती माझ्यासाठी विणते आहे. माझ्यासाठी! तू तर बघतसुद्धा नव्हतीस. तू रडलीही नाहीस, आई.”

“यून!” आबाओ खेकडा टाकून उठला.

“नाही रडले,” जाऊबाई म्हणाल्या. दुकानात मीठ आहे का विचारावं आणि नाही म्हणावं, तसं.

भाऊजी दोन वर्षं पूर्वेच्या खोलीत पडून होते, छातीच्या दुखण्याने. मधली भिंत पातळ. ते खोकले की इकडे माग थांबायचा, खोकला थांबला की माग सुरू व्हायचा. माझ्या स्वयंपाकघरात मला दोन्ही ऐकू यायचे. ते गेल्यापासून माग थांबतच नव्हता. सकाळी सुरू व्हायचा, जेवणापुरता बंद व्हायचा. भात वाढला तर त्या खायच्या, नाही वाढला तर मागायच्या नाहीत. पूर्वेच्या खोलीचं दार त्या दिवसापासून लोटलेलं होतं.

मला काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हटलं, “बारीक कात्रीने अडकवलेले धागे कापता नाही का येणार? मी करते बसून. चष्मा आहे माझा.”

“कापले तर कडा उसवतील,” जाऊबाई म्हणाल्या. “रंग सुटून येईल.”

“मग पुन्हा विण,” यून म्हणाली. आवाज खाली आला होता. “आरसा मी सोडते. साहेबांना सांगते, वेळ लागेल म्हणून. पुन्हा विणशील?”

जाऊबाईंनी मुठीतले तुकडे स्टुलावर ठेवले. हात समोर हवेत धरले, धोटा धरल्यासारखे, आणि विणू लागल्या. एक, दोन, तीन, चार, आणि उजव्या हाताचं बोट आपसूक वाकलं, पलीकडचा नसलेला धागा उचलून आलं. पुन्हा चार, पुन्हा तेच.

“बघ,” त्या म्हणाल्या. “मी सांगत नाही त्याला. आरसा असता तरी मी बघितलं असतं, उसवलं असतं, आणि पुन्हा हेच झालं असतं. तीस वर्षं त्याने पट्टेच विणले.”

यून त्या बोटाकडे बघत राहिली. ते थांबलं तेव्हा तिने कापडाची घडी घातली, पुन्हा उलगडली, पुन्हा घातली.

आबाओने खेकडे वाफेवर ठेवले. आम्ही चौघं जेवायला बसलो. आलं आणि व्हिनेगरची वाटी मधोमध होती. यूनने आईसाठी खेकड्याचं कवच फोडून दिलं. लहानपणी आई तिला द्यायची, तसंच. जाऊबाईंनी ते खाल्लं. भाताचा वाडगा संपवला, सांडलेले दाणे टेबलावरून वेचले, काड्या वाडग्यावर आडव्या ठेवल्या.

“भाऊजी,” त्या आबाओला म्हणाल्या, “उद्या पूर्वेच्या खोलीतला पलंग काढायचा.”

आबाओचा घास तसाच राहिला. “पलंग? वहिनी, वर्ष तरी—”

“त्या खोलीला दोन खिडक्या आहेत. माग तिथे लावायचा. तुम्ही दोघं नवराबायको उचला, एकट्याने उचललात तर कमर धरेल.” मग माझ्याकडे वळून, “तू तेवढा आरसा पुसून ठेव.”

“आई,” यून म्हणाली, “मागावर बसणार कोण?”

“तू.”

“मला विणता येतं का? मी फक्त चित्रं काढते.”

“तुझ्या हाताला पट्ट्याची सवय नाही. मी पायाखालची पावडी कशी दाबायची ते दाखवीन, धोटे भरून देईन. मी आता बसणार नाही. वीस तारखेला जमणार नाही म्हणून साहेबांना आजच कळव. तू यायचं की नाही ते तुझं तू बघ. पलंग उद्या निघेल.”