तिला विचारायचं राहिलं

साठी उलटल्यावर मी कॅमेरा हातात घेतला. मुलाचा जुना, शिकवायला कुणी नाही. मनवेलपाड्यात आमच्या चाळीमागे तृतीयपंथीयांचं घर होतं, तिथे वर्षभर फोटो काढले. भांडी घासताना, दाढी करताना, भांडतानासुद्धा. त्यांची गुरू माझ्याच वयाची, तोंडात कायम पान. म्हणाली, "काढा काकू, लोक तर आम्हाला फुकटात बघतातच."

त्या घरात गुरूनं हो म्हटलं की सगळ्यांचं हो. चेली तिच्यापुढे तोंड उघडत नाही. मला हे ठाऊक होतं आणि सोयीचंही होतं, खोटं कशाला बोलू.

एक चेली तिशीची, नंदाखाल गावची. आरशापुढे टिकली लावतानाचा तिचा फोटो मला फार आवडला. वसईत एका लहान हॉलमध्ये प्रदर्शन लागलं, तिथे मी तोच दारात लावला.

ती दरवर्षी गणपतीत शर्ट-पँट घालून, केस टोपीत कोंबून आईकडे जायची. मुलगा वापीला कंपनीत आहे, असं आई गावात सांगायची. प्रदर्शनात गावातल्या कुणीतरी तो फोटो मोबाइलवर काढून घेतला आणि तो घरोघर फिरला. आईनं फोन करून सांगितलं, येऊ नकोस.

मी माफी मागायला गेले. ती नळावर कपडे धूत होती. म्हणाली, "गुरूसमोर मी नाही कशी म्हणणार, काकू? इथे नळावर येऊन विचारायचं होतंत."

साबण लावता लावता ती म्हणाली, "आता आईचा एक फोटो तरी आणून द्या. माझ्याकडे एकही नाही."

गेले मी. आई केळीच्या वाडीत वाळकी पानं कापत होती. मी कोण, कशाला आले, सगळं सांगितलं. तिनं पदर सारखा केला, उभी राहिली, आणि हळूच विचारलं, "हा पण दारात लावणार काय?"

माझ्यानं काही कॅमेरा वर उचलवेना. तिनं पाणी दिलं, ते प्याले आणि निघाले.

चेलीला सांगितलं, आई घरी नव्हती.

"मग परत कधी जाल?" तिनं विचारलं.

त्याला दोन गणपती झाले. हल्ली मी नळाकडच्या वाटेनं जात नाही.