सुमन हसत गेली नाही

माझी बायको सुमन पुस्तकातल्या माणसांशी भांडायची. घाटकोपरच्या आमच्या इमारतीत दुपारी बायका गॅलरीत तांदूळ निवडायच्या आणि ही त्यांना एक जुनी पुराणकथा मोठ्यानं वाचून दाखवायची. राजा राणीला रानात टाकून जातो, तिथं आली की पुस्तक मांडीवर आपटायची. "मेल्या, बायलेक रानात टाकून झोप लागता तुका?"

शेजारच्या लीलाबाई म्हणायच्या, "अगं, शेवटी भेटतात ना दोघं."

"भेटूंदेत. मी त्याका माफ करूचंय नाय."

मी चौथी शिकलेला, कारखान्यात लेथवर जन्म काढला. मला गोष्ट कळायची ती हिच्या रागातून. एकदा विचारलं, यातून शिकायचं काय? तिनं माझ्याकडे असं बघितलं, जसा काही मी जेवणात खडा टाकला होता. "शिकूक ही काय शाळा आसा? गपचूप तिचा दुख्ख आयका."

गेल्या वर्षी ती कॅन्सरनं गेली. शेवटचे महिने वाईट. मी पाय चेपत काही समजवायला गेलो की म्हणायची, "गप ऱ्हवा. माका वरडूक द्या."

वर्षश्राद्धाला मुलानं सोसायटीच्या हॉलमध्ये सकारात्मक विचारांचे क्लास घेणारा एक वक्ता आणला. "बाबा, आई वाचायची ना, म्हणून." अंगात कोट, कानाला माइक. त्यानं तीच गोष्ट काढली. राणीकडून काय शिकायचं? तक्रार करायची नाही, मन सकारात्मक ठेवायचं, झालं गेलं सोडून द्यायचं. रानात एकटी पडलेली बाई, आणि ह्याला तिच्यात क्लासची फी दिसते. मग सुमनच्या फोटोकडे हात करून म्हणाला, "ताईंनी हेच जगून दाखवलं. एवढ्या वेदनेत तोंडातून शब्द नाही."

शब्द नाही? तिचं ओरडणं तिसऱ्या मजल्यावरून खाली वाण्याच्या दुकानात ऐकू जायचं.

"आता सगळ्यांनी डोळे मिटा आणि ताईंसाठी हसा."

सगळ्यांनी मिटले. माझा मुलगा हसत होता. लीलाबाईही तोंड वाकडं करून हसत होत्या आणि गालावरून पाणी वाहत होतं. माझं टाळकं सरकलं. मी उठलो.

"काका, बसून घ्या. शांत वाटेल."

"तू हो शांत. लीलाबाई, डोळे उघडा. ती हसत नव्हती. ओरडत गेली. तुम्ही होतात ना तिथं?"

मुलानं माझं मनगट धरलं. "बाबा, प्लीज, लोक बघतायत."

लीलाबाईंनी पदरानं तोंड पुसलं. "होते की. तिचं डोकं माझ्याच मांडीवर होतं. मी पण ओरडत होते तिच्याबरोबर."

मुलानं माझं मनगट सोडलं.