ताईचे धुतलेले हात

माझी थोरली बहीण हॉस्पिटलात अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या वॉर्डात आया होती. बाळाला शिवण्याआधी जंतुनाशकाने हात धुवायचे, हा तिथला नियम. तो वॉर्डापुरताच होता, पण बाईसाहेबांच्या अंगात भिनला. घरीही तीच बाटली आणली. कडी लावली, धू. चप्पल उचलली, धू.

"अगं, कातडी सोलून निघेल एक दिवस!" मी करवादायचे.

"तुझी जीभ सोलून निघाली तर घराला शांतता मिळेल," ती म्हणायची.

पण हात सोन्याचे हो! किंचाळणारं पोर तिच्या तळव्यावर ठेवलं की गप्प व्हायचं.

मग हातांना खाज सुटली, भेगा पडल्या. हिला वाटलं, घाण राहतेय. आणखी धुतले. रोगापेक्षा इलाज भयंकर म्हणतात तो हाच. भेगांतून पू आला तेव्हा कुठे डॉक्टरीणबाईंकडे गेली.

त्या म्हणाल्या, "मावशी, कातडीवर चांगले जंतूही राहतात. ते असं काही द्रव्य सोडतात, की वाईट जंतूंना पाय रोवता येत नाहीत. तुम्ही धुऊन धुऊन राखणदारच हाकलले. आता चोर घरात बसलाय. मलम देते, पण तो परत येतो."

आलाच मेला, पुन्हा पुन्हा. ताईला वॉर्डातून काढून चौकशीच्या खिडकीत बसवलं.

आणि नेमकी तिची लेक तिथंच सातव्या महिन्यात बाळंत झाली. मुलगी झाली, ओंजळीत मावेल एवढी. ताईकडूनच बाळ धरायला शिकलेल्या सिस्टरने ताईला वॉर्डाच्या दारात अडवलं. तिचं काही चुकलं नाही. ताईच्या हातावरचा जंतू त्या जिवाला लागला असता तर संपलंच होतं.

ताई हात पाठीमागे धरून काचेबाहेर उभी राहायची. आत लेकीला एवढंसं बाळ धरता येत नसे. "आई, तू घे ना गं एकदा!" म्हणून ती रडायची. मला काच फोडावीशी वाटायची.

आठवड्याने बाळाचं इवलंसं हृदय थकून थांबलं. सिस्टर बाहेर आली. "मावशी, आता घेता येईल तुम्हाला," एवढंच म्हणाली.

ताई आत गेली ती थेट बेसिनपाशी. बाटली दाबली आणि बोटं, नखं, मनगटं चोळू लागली.

"ताई, अगं आता कशाला?" माझ्याने राहवलं नाही.

"बाळाला घ्यायचंय ना," ती म्हणाली.